लिबी ॲपचं परीक्षण : वाचकाला मिळतं काय आणि ग्रंथालयाकडे उरतं काय

सार्वजनिक ग्रंथालयांचं डिजिटल भविष्य कसं असेल हे ज्यांना समजून घ्यायचं आहे, त्यांनी लिबी हे ॲप आधी वाचक म्हणून वापरून पाहावं आणि मग ग्रंथपालाच्या खुर्चीत बसून त्याचे करार वाचावेत. ॲप एकच असलं तरी खुर्ची बदलली की मत बदलतं.

लिबी हे ग्रंथालयाची ई-पुस्तकं, ऑडिओबुकं आणि मासिकं फोनवर उसनी देणारं ओव्हरड्राइव्ह या कंपनीचं ॲप आहे. कंपनी १९८६ सालची. ग्रंथालयांमार्फत ई-पुस्तकं द्यायला तिने २००३ साली क्लीव्हलंडच्या सार्वजनिक ग्रंथालयापासून सुरुवात केली. लिबी आलं २०१७ साली. जुनं ओव्हरड्राइव्ह ॲप २०२३ मध्ये बंद झालं आणि तेव्हापासून सगळा भार लिबीवर आहे. शाळांसाठी याच कंपनीचं सोरा नावाचं वेगळं ॲप आहे. लिबीत वाचकाला एक पैसाही द्यावा लागत नाही. जाहिराती नाहीत, उशीर झाला म्हणून दंड नाही. पैसे ग्रंथालय भरतं, आणि या परीक्षणातला मोठा भाग त्याच पैशांबद्दल आहे.

निष्कर्ष आधीच सांगून ठेवतो : वाचकांनी डोळे झाकून घ्यावं, ग्रंथपालांनी डोळे उघडे ठेवून.

सुरुवात करताना

ॲप उघडलं की ते ग्रंथालयाचं नाव विचारतं, मग सभासद कार्डाचा क्रमांक आणि पिन. लोक अडकतात ते इथेच, आणि कारणं बहुतेक वेळा तीनच असतात. पिन कधी घेतलेलाच नसतो, कार्डाची मुदत संपलेली असते, किंवा यादीतून चुकीचं ग्रंथालय निवडलेलं असतं. बरीच छोटी ग्रंथालयं एकत्र येऊन सामायिक डिजिटल संग्रह ठेवतात, त्यामुळे यादीत गटाचं नाव दिसतं आणि खाली त्यातल्या ग्रंथालयांची. कार्ड ज्या ग्रंथालयाने दिलं तेच निवडायचं. कार्डाची मुदत संपली तर हातातली पुस्तकं लगेच जात नाहीत, पण नवीन काही घेता येत नाही. म्हणून नूतनीकरणाची तारीख लक्षात ठेवावी. एकाहून जास्त ग्रंथालयांचे सभासद असाल तर सगळी कार्डं एकाच ॲपमध्ये टाकता येतात, आणि टाकावीतच. एकाच पुस्तकासाठी एका ग्रंथालयात महिनोन्‌महिने रांग असते आणि दुसऱ्यात ते मोकळं पडलेलं असतं.

लिबीची रचना एका बाबतीत इतर ॲपपेक्षा वेगळी आहे. यात वापरकर्त्याचं नाव आणि पासवर्ड असलेलं नेहमीचं खातं उघडावं लागत नाही. तुमची ओळख म्हणजे ग्रंथालयाचं कार्ड. खासगीपणाच्या दृष्टीने हे चांगलं आहे, पण त्याचा एक परिणाम लोकांना उशिरा कळतो. फोन हरवला किंवा ॲप काढून पुन्हा टाकलं तर कार्ड घातल्यावर घेतलेली पुस्तकं आणि रांगेतले नंबर परत दिसतात, कारण ते कार्डाशी जोडलेले असतात. तुम्ही पुस्तकांना लावलेल्या खुणा, म्हणजे टॅग, आणि वाचनाची नोंदवही मात्र परत येईलच असं नाही. यावर उपाय पहिल्याच दिवशी करायचा. सेटिंग्जमध्ये दुसऱ्या यंत्रावर प्रत करण्याची सोय आहे. तिथून आठ आकडी कोड मिळतो, तो टॅबलेटवर किंवा संगणकाच्या ब्राउझरमध्ये लिबी उघडून घालायचा. एक यंत्र गेलं तरी दुसऱ्यावर सगळं शाबूत राहतं.

रांगेचं गणित

नवीन वाचकाला सगळ्यात जास्त खटकतं ते हे : डिजिटल पुस्तकाला रांग कशाला? फाइल तर कितीही वेळा कॉपी होते. उत्तर परवान्यात आहे. ग्रंथालयाने पाच परवाने घेतले असतील तर एका वेळी पाचच जण ते पुस्तक वाचू शकतात, छापील पाच प्रती असाव्यात तसं.

होल्ड लावलं, म्हणजे रांगेत नाव घातलं, की लिबी तुमचा नंबर, एकूण प्रती, प्रत्येक प्रतीमागे किती जण थांबलेत आणि अंदाजे किती आठवडे लागतील हे दाखवतं. यातला अंदाज फार मनावर घेऊ नये, प्रतीमागे किती जण हा आकडा खरा उपयोगाचा. समजा तुमचा नंबर ६० आहे, प्रती ५ आहेत, पाचही नुकत्याच बाहेर गेल्यात आणि मुदत १४ दिवसांची आहे. प्रत्येकाने पूर्ण मुदत घेतली तर बारा फेऱ्या लागतील, म्हणजे १६८ दिवस. प्रत्येकाने सात दिवसांत परत केलं तर ८४ दिवस. मुदत संपली की पुस्तक आपोआप परत जातं, म्हणून लोक वाचून झाल्यावरही ते तसंच ठेवतात. ही सवय सोडायला हवी. वाचून झालं की परत करायचं बटण दाबा. रांगेतल्या पुढच्या माणसाला त्याच क्षणी सूचना जाते.

सूचना आल्यावर पुस्तक घ्यायला तीन दिवस मिळतात. हे तीन दिवस प्रत कोणाच्याच कामाची नसते, ती नुसती राखून ठेवलेली असते. पहिल्यांदा दुर्लक्ष झालं तर होल्ड काही दिवस बाजूला ठेवलं जातं, पुन्हा तसंच झालं तर रद्द होतं. सध्या वाचायला वेळ नाही असं दिसलं तर लगेच होल्ड पुढे ढकलायचं. पुढे ढकललं तरी तुमचा नंबर सरकतच राहतो, फक्त पुस्तक मधल्या काळात दुसऱ्याला मिळतं. ही सोय फारच थोडे लोक वापरतात आणि रांगा लांबण्यामागे तेही एक कारण आहे.

मुदतवाढ मुदत संपायच्या तीन दिवस आधी मागता येते, पण कोणी रांगेत नसेल तरच. असेल तर तुम्हाला नव्याने रांगेत उभं राहावं लागतं. म्हणून जाड पुस्तक घेताना सुरुवातीलाच मुदत तपासावी. पुस्तक घेण्याच्या पडद्यावर दिवसांच्या आकड्यावर बोट ठेवलं की ग्रंथालयाने ठेवलेले पर्याय दिसतात, बहुधा ७, १४ आणि २१. छोटं पुस्तक सात दिवसांवर घेतलं तर सगळ्यांचंच भलं होतं.

काही ग्रंथालयं गाजणाऱ्या पुस्तकांच्या एकदोन प्रती रांगेबाहेर ठेवतात. त्यांवर होल्ड लागत नाही, ज्याला दिसली त्याने घ्यावी, मुदत कमी. शोधताना ते लेबल दिसलं तर विचार करत बसू नये. मासिकांना तर रांगच नाही, आणि ती पुस्तकांच्या मर्यादेतही मोजली जात नाहीत. लिबीतला हा विभाग लोकांच्या नजरेतून सुटतो. मासिकांची वर्गणी भरणाऱ्यांनी ती बंद करण्याआधी आणि पुन्हा भरण्याआधीही इथे एकदा पाहावं.

वाचताना आणि ऐकताना

इथे तक्रारीला फारशी जागा नाही. अक्षर मोठं करता येतं, ओळींमधलं अंतर बदलता येतं, पार्श्वभूमी पांढरी, पिवळसर किंवा काळी ठेवता येते. वाचनअक्षमता असलेल्यांसाठी ओपनडिस्लेक्सिक हा खास फॉन्ट आहे. छापील पुस्तकाच्या मोठ्या अक्षरांतल्या आवृत्त्या मोजक्याच निघतात, इथे बहुतेक प्रत्येक पुस्तक मोठ्या अक्षरांचं होऊ शकतं. उतारवयातल्या सभासदांसाठी सार्वजनिक ग्रंथालयांनी इतक्या वर्षांत केलेल्या कामांत याला वरचं स्थान द्यावं लागेल. मात्र मांडणी पक्की असलेली पुस्तकं, म्हणजे चित्रकथा, पाककृती, लहान मुलांची रंगीत पुस्तकं, यांत अक्षर वाढत नाही. ती फोनवर वाचणं त्रासाचं आहे, त्यांना टॅबलेट हवा.

ऑडिओबुकचा वेग तिप्पट करता येतो, आणि झोपताना ऐकणाऱ्यांसाठी ठरावीक वेळाने बंद होण्याची सोय आहे. ६४ केबीपीएस दर्जाचा आवाज तासाला साधारण २९ एमबी जागा घेतो, म्हणजे बारा तासांचं पुस्तक ३५० एमबीच्या आसपास. फोन भरलेला असेल तर डाउनलोड मध्येच थांबतं आणि प्रवासात नेटवर्क गेलं की पुस्तकही थांबतं. डाउनलोड फक्त वायफायवर होईल असं बहुधा आधीच ठरवलेलं असतं. घराबाहेर पडण्याआधी पुस्तकाच्या शेजारची डाउनलोडची खूण पूर्ण झाली आहे की नाही ते पाहावं.

दुसऱ्या यंत्रांवर

कोबो कंपनीच्या बऱ्याच ई-वाचकांमध्ये, म्हणजे ई-पुस्तकं वाचण्याच्या यंत्रांमध्ये, ओव्हरड्राइव्ह आतच बसवलेलं आहे. लिबीत पुस्तक घ्यायचं, कोबो सिंक करायचा, पुस्तक हजर. किंडलवर ही सोय २०११ साली आली, पण ती फक्त अमेरिकेतल्या ग्रंथालयांसाठी आहे. शिवाय किंडलवर पुस्तक पाठवताना व्यवहार ॲमेझॉनच्या खात्यातून होतो. कोणी काय वाचलं याची नोंद पुस्तक परत येताच पुसून टाकण्याची शिस्त अनेक ग्रंथालयांनी पाळली आहे. इथे ती नोंद ग्रंथालयाच्या भिंतींबाहेर जाते. ज्यांना हे चालत नसेल त्यांनी लिबीतच वाचावं.

इतर ई-वाचकांसाठी अडोबी डिजिटल एडिशन्स या संगणकावरच्या प्रोग्रामचा मार्ग उरतो, आणि सगळ्या व्यवस्थेतला सर्वांत कटकटीचा भाग हाच. लिबीतून उतरते ती एसीएसएम नावाची चिमुकली फाइल. ती पुस्तक नव्हे, पुस्तक आणण्याची चिठ्ठी असते. ती अडोबीच्या प्रोग्राममध्ये उघडली की पुस्तकाची खरी फाइल (ईपब) येते आणि ती तुमच्या अडोबी ओळखीशी, म्हणजे अडोबीच्या खात्याशी, बांधली जाते. सर्वांत नेहमीची चूक म्हणजे संगणक आधी एका ओळखीने अधिकृत करायचा आणि ई-वाचक दुसऱ्या. मग हे पुस्तक दुसऱ्या वापरकर्त्याने आधीच घेतलं आहे, असा संदेश येतो आणि ती चिठ्ठी पुन्हा कितीही वेळा उघडली तरी उपयोग होत नाही. आधी दोन्ही यंत्रं एकाच ओळखीवर आणायची, मग पुस्तक परत करून नव्याने घ्यायचं. दुसरी चूक सहज लक्षात येत नाही : संगणकाचं घड्याळ मागे-पुढे असेल तर विनंतीची मुदत संपल्याचा संदेश येतो. तारीख, वेळ आणि कालपट्टा दुरुस्त केला की काम होतं. ग्रंथालयाच्या मदत-टेबलावर या दोन गोष्टी लिहून ठेवल्या तरी खूप फोन वाचतील.

एक गोष्ट लिबीच्या हातात नाही. शोधूनही सापडत नाहीत अशी पुस्तकं पुष्कळ आहेत आणि त्यात ग्रंथालयाचा दोष नसतो. ॲमेझॉनच्या केडीपी सिलेक्ट या स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखकांसाठीच्या योजनेत नोंदवलेलं ई-पुस्तक लेखकाला त्या काळात दुसऱ्या दुकानात देता येत नाही, आणि बरीच वर्षं ते ग्रंथालयालाही देता येत नव्हतं. ऑडिबल या ॲमेझॉनच्याच ऑडिओबुक-सेवेची खास स्वतःची ऑडिओबुकंही ग्रंथालयांकडे येत नाहीत. बाजारात मिळतं ते पुस्तक ग्रंथालयाला विकत घेता येतं, हे छापील काळातलं साधं गृहीतक इथे मोडलेलं आहे.

ग्रंथालयाच्या बाजूने

छापील पुस्तक विकत घेतलं की ते ग्रंथालयाचं. दाखल रजिस्टरात नोंद झाली की मग ते शंभर वेळा द्या, बांधणी करून आणखी शंभर वेळा द्या, दुसऱ्या ग्रंथालयाला उसनं द्या, बाद करून विका. प्रकाशकाला विचारावं लागत नाही, कारण पहिल्या विक्रीनंतर त्या प्रतीवरचा त्याचा वितरणाचा हक्क संपतो, हे तत्त्व अनेक देशांच्या कायद्यात आहे. ई-पुस्तक विकलं जात नाही, त्याचा परवाना दिला जातो. त्यामुळे वरचं सगळं करारावर अवलंबून राहतं.

परवान्यांचे मुख्य प्रकार असे आहेत. पहिला कायमचा : एक प्रत, एका वेळी एक वाचक, मुदत नाही. दुसरा ठरावीक काळाचा, बहुधा २४ महिने किंवा १२. तिसरा ठरावीक देवघेवींचा, म्हणजे २६, ५२ किंवा १०० वेळा दिलं की संपलं. चौथा दर वाचनाला पैसे, ज्यात आगाऊ काही द्यावं लागत नाही आणि रांगही नसते. याखेरीज एका वर्षासाठी कितीही जणांनी एकाच वेळी वाचावं असे गठ्ठेही मिळतात.

मोठ्या प्रकाशकांनी गेल्या काही वर्षांत कायमचा परवाना जवळजवळ बंद केला. हार्परकॉलिन्सने मार्च २०११ मध्ये २६ देवघेवींची मर्यादा आणली. १४ दिवसांच्या मुदतीने २६ वेळा म्हणजे जवळजवळ एक वर्ष. त्या वेळी ग्रंथपालांनी मोठा विरोध केला होता. पुढे जे आलं ते पाहता आज तोच परवाना अनेक ग्रंथपालांना बरा वाटतो. पेंग्विन रँडम हाउसने ऑक्टोबर २०१८ पासून कायमचा परवाना काढून दोन वर्षांचा आणला, हॅशेटने २०१९ च्या उन्हाळ्यात तेच केलं, आणि सायमन अँड शुस्टरही त्याच उन्हाळ्यात ई-पुस्तकांसाठी दोन वर्षांच्या परवान्यावर आलं. मॅकमिलनने १ नोव्हेंबर २०१९ पासून नियम लावला की नवं ई-पुस्तक निघाल्यावर पहिले आठ आठवडे एका ग्रंथालय-व्यवस्थेला एकच प्रत मिळेल, मग तिचे सभासद दहा हजार असोत की दहा लाख. अनेक ग्रंथालयांनी त्यांच्या ई-पुस्तकांवर बहिष्कार टाकला आणि मार्च २०२० मध्ये, महामारीच्या तोंडावर, तो नियम मागे घेण्यात आला.

दोन वर्षांच्या परवान्याचा हिशेब कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. ७३० दिवस, मुदत १४ दिवस, प्रत क्षणभरही मोकळी राहिली नाही तर ५२ वाचक. प्रत्येक वाचकाने सूचना आल्यावर तीन दिवस लावले तर ४२. मुदत २१ दिवसांची ठेवली तर, हे तीन दिवस न धरताही, ३४. वर सांगितलेलं लवकर परत करणं आणि होल्ड पुढे ढकलणं हा त्यामुळे केवळ शिष्टाचार राहत नाही, त्यातून ग्रंथालयाचा पैसा वाचतो. आणि या परवान्याची किंमत सामान्य ग्राहकाच्या किमतीच्या कित्येकदा तिप्पट-चौपट असते.

काळाचा परवाना आणि देवघेवींचा परवाना यांचा स्वभाव उलटा आहे. काळाचा परवाना पडून राहिला तर वाया जातो, म्हणून तो रांग असलेल्या पुस्तकासाठी ठीक. देवघेवींचा परवाना पडून राहिला तरी कमी होत नाही, म्हणून तो सावकाश फिरणाऱ्या पुस्तकासाठी चांगला. मात्र त्यात कोणी पुस्तक घेऊन पाच मिनिटांत परत केलं तरी एक देवघेव खर्च होते. म्हणून वाचकांनी घेण्याआधी नमुना वाचावा. लिबीत नमुन्याची सोय आहे आणि ती मोजली जात नाही.

काळाच्या परवान्याचा फटका बसतो तो मालिकांना. तीन भागांची कादंबरी असेल, पहिला भाग आधी निघाला म्हणून त्याचा परवाना आधी संपतो. कॅटलॉगमध्ये दुसरा आणि तिसरा दिसतात, पहिला गायब. वाचकाला वाटतं ग्रंथालयाने निष्काळजीपणा केला. पहिला भाग पुन्हा घ्यायचा तर पूर्ण किंमत पुन्हा मोजावी लागते, आणि तोवर त्या पुस्तकाची मागणी ओसरलेली असते. ग्रंथपाल नेमकं काय करणार? छापील कपाटात हेच तीन भाग वीस वर्षं शेजारी-शेजारी राहिले असते आणि एकविसाव्या वर्षी आलेल्या मुलाला ते सलग वाचता आले असते. सार्वजनिक ग्रंथालयाचं निम्मं मोल जुन्या, गर्दी ओसरलेल्या पुस्तकांत असतं. ती टिकवण्याची किंमत छपाईत फक्त कपाटाची जागा होती. डिजिटलमध्ये ती दर दोन वर्षांनी नव्याने मोजायची आहे. हा लिबीचा दोष नाही, पण लिबीतून दिसणारा संग्रह या अटींवर उभा आहे हे विसरून त्याला ग्रंथालयाचं भविष्य म्हणणं चुकीचं ठरेल.

त्यात मागणी वाढत चालली आहे आणि अंदाजपत्रक त्या वेगाने वाढत नाही. सिएटलच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २०२४ मध्ये सभासदामागे डिजिटल होल्डची मर्यादा २५ वरून १० वर आणली. असे निर्णय वाचकांना बोचतात, पण त्यामागे हेच गणित असतं. होल्ड जास्त की प्रती जास्त घ्याव्या लागतात, प्रती जास्त की दोन वर्षांनी संपणारा खर्च जास्त.

कायद्याने काही बदलेल का? युरोपीय संघाच्या न्यायालयाने १० नोव्हेंबर २०१६ रोजी डच ग्रंथालयांच्या खटल्यात निर्णय दिला की एक प्रत, एका वेळी एक वाचक अशा रीतीने ई-पुस्तक उसनं देणं काही अटींवर छापील पुस्तकासारखंच मानता येतं. अमेरिकेत मेरीलँड राज्याने प्रकाशकांनी ग्रंथालयांना वाजवी अटींवर परवाने द्यावेत असा कायदा केला. तो २०२२ च्या सुरुवातीला लागू झाला आणि त्याच वर्षी न्यायालयाने रद्द ठरवला. इंटरनेट अर्काइव्ह या ना-नफा डिजिटल ग्रंथालयाने छापील पुस्तकं स्कॅन करून एकेका प्रतीप्रमाणे उसनी देण्याची पद्धत चालवली होती. चार प्रकाशकांनी २०२० मध्ये खटला भरला, २०२३ मध्ये निकाल अर्काइव्हच्या विरोधात गेला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अपिलातही तोच कायम राहिला. छापील प्रत हातात असली तरी तिचं स्कॅन करून उसनं देण्याची वाट त्यामुळे अमेरिकेत अरुंद झाली आहे.

इतर पर्याय

हूप्ला या ग्रंथालयांसाठीच्या दुसऱ्या ॲपमध्ये रांग नाही, हवं ते लगेच मिळतं, पण दर वाचनामागे ग्रंथालयाला पैसे मोजावे लागतात. म्हणून महिन्याला सभासदामागे काही मोजकीच पुस्तकं आणि ग्रंथालयाची दिवसाची खर्चमर्यादा असते. दुपारी मर्यादा संपली की ॲप उद्या या असं सांगतं. छोट्या ग्रंथालयाने हूप्ला घ्यायचं तर मासिक मर्यादा आधी कमी ठेवून हळूहळू वाढवावी. वाढवलेली मर्यादा परत कमी करणं सभासदांना अजिबात रुचत नाही.

पॅलेस प्रोजेक्टकडे मात्र लक्ष ठेवायला हवं. हे मुक्त स्रोत ॲप आहे आणि अनेक पुरवठादारांची पुस्तकं एकाच ठिकाणी दाखवतं. त्याला जोडलेल्या बाजारपेठेतून ग्रंथालयांना जास्त लवचीक परवाने मिळतात. त्यातला एक प्रकार ४० देवघेवींचा आहे, एका वेळी जास्तीत जास्त दहा जण, काळाची मर्यादा नाही. रांग असताना दहा वाचकांना एकदम देता येतं आणि गर्दी ओसरल्यावर उरलेल्या देवघेवी पुढे वर्षानुवर्षं पुरतात. परवान्याची रचना कशी असावी याचा याहून समंजस नमुना सध्या दिसत नाही. ॲपची सफाई मात्र लिबीइतकी नाही.

युरोपातल्या अनेक ग्रंथालयांत रेडियम एलसीपी ही फाइलची नक्कल रोखणारी संरक्षण-पद्धत वापरतात. तिथे अडोबी ओळखीची भानगड नाही, वाचक एक परवलीचा शब्द घालतो आणि पुस्तक उघडतं. मदत-टेबलाचं निम्मं काम कमी करणारी ही पद्धत पुरवठादाराकडे आहे का, हे निविदेतच विचारावं.

खरेदी करणाऱ्यांसाठी

ग्रंथालयाने लिबी घ्यावं का? घ्यावं. घराबाहेर पडता न येणाऱ्या, नजर अधू झालेल्या, रात्रपाळी करणाऱ्या सभासदापर्यंत आज याहून चांगल्या रीतीने पोहोचता येत नाही. पण खरेदीची शिस्त पहिल्या महिन्यापासून लावायला हवी.

प्रतीमागे किती होल्ड झाले की नवी प्रत घ्यायची हे प्रमाण लेखी ठरवा. सहाला एक हे पुष्कळ ठिकाणी चालतं. ओव्हरड्राइव्हच्या खरेदी-पोर्टलवर हे प्रमाण घालून आपोआप खरेदी होण्याची सोय आहे, पण तिला आठवड्याची खर्चमर्यादा घातल्याशिवाय ती सुरू करू नये. एखादं पुस्तक अचानक गाजलं की तिमाहीची रक्कम चार दिवसांत संपते. गटाच्या सामायिक संग्रहात असाल तर फक्त स्वतःच्या सभासदांसाठी वेगळ्या प्रती घेण्याची जी सोय आहे, तिच्यासाठी रकमेचा काही भाग राखून ठेवा. नाहीतर छोट्या ग्रंथालयाचे वाचक मोठ्या शहराच्या रांगेत हरवून जातात.

संपत आलेल्या परवान्यांचा अहवाल दर महिन्याला काढून पुढच्या तीन महिन्यांची यादी पाहा. सरसकट पुन्हा घेऊ नका. गेल्या सहा महिन्यांत एकही देवघेव नसेल तर सोडून द्या, मालिकेचा भाग असेल तर सगळे भाग एकत्र पाहूनच निर्णय घ्या, आणि छापील प्रत कपाटात असेल तर डिजिटल कॅटलॉगमधून तिच्याकडे वाट दाखवा. छोटे प्रकाशक अजून कायमचा परवाना देतात. तो मिळत असेल तिथे थोडे जास्त पैसे मोजूनही तोच घ्यावा, आणि स्थानिक इतिहास, संदर्भ, अभिजात साहित्य यांच्यावर तो खर्च आधी व्हावा. गाजणाऱ्या कादंबऱ्या भाड्याने आणल्या तर बिघडत नाही. जे पन्नास वर्षांनीही लागणार आहे ते भाड्याचं असू नये, म्हणून त्याची छापील प्रत कधीही बाद करू नये.

करारात आणखी एक कलम हवं : पुरवठादार बदलला तर आधी घेतलेली पुस्तकं नव्या ठिकाणी नेता येतील का. कॅन्सस राज्य ग्रंथालयासमोर हा प्रश्न २०११ मध्ये आला. ओव्हरड्राइव्ह सोडून दुसऱ्या पुरवठादाराकडे जाताना त्यांना प्रकाशकांना एकेक करून पत्र लिहावं लागलं. पुष्कळांनी परवानगी दिली, पण सगळ्यांनी नाही. करार करतानाच पुस्तकांची यादी, परवान्याचा प्रकार, खरेदीची तारीख आणि उरलेल्या देवघेवी हे सगळं साध्या तक्त्याच्या स्वरूपात कधीही उतरवून घेता येईल असं लेखी घ्या, आणि तो तक्ता दर तिमाहीला उतरवून ग्रंथालयाच्या स्वतःच्या संगणकावर ठेवा.